कोनाची गो ही पोर?

राहीबाईला तो जिना चढायचा नव्हता. पण नात चढणार म्हटल्यावर आधी तीच चढली, लुगड्याचा काष्टा आवळून, पायरीगणिक एकेक शिवी हासडत. नारपोलीत खाली कापडाच्या लूमचा खडखडाट आणि वर मितेश सरांचा सायबर कॅफे. खडखडाटात शिव्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत, हे तेवढं बरं झालं.

दारावर कागद चिकटवला होता : ‘नवोदित गायक-कलाकारांसाठी इंटरनेट प्रसिद्धी वर्ग. तीन रविवार.’ राहीबाईची शाळा दुसरीत संपली होती. अक्षराला अक्षर जोडत ती एका शब्दापाशी अडली.

“परसिद्दी म्हंजे काय गो?”

“लोकांनी आपल्याला ओळखणं, आजी,” दिपाली म्हणाली.

“त्याला क्लास लागतो? वडप्यापासून गणेशपुरीपर्यंत मना कोन वलखत न्हाय, त्याला माज्यासमोर उभा कर.”

यात काही खोटं नव्हतं. राहीबाई वडप्याची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण वेळेवर लागते. हळद दळण्यापासून नवरी घरात घेईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो तिनंच म्हणायचा. म्हणताना घरातल्या एकेकाचं नाव त्यात ओवायचं. नवरदेवाचं, त्याच्या आईचं, मामाचं, आणि कोपऱ्यात रुसून बसलेल्या आत्याचं तर दोनदा. अडतीस वर्षांत राहीबाईनं हजारो नावं घेतली. दोन मात्र कधी घेतली नाहीत. एक स्वतःचं, कारण धवलारणीनं आपलं नाव आपण घ्यायचं नाही, हा आजेसासूनं घालून दिलेला नेम. आणि दुसरं नवऱ्याचं. ते लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं. तेवढं पुरे. त्यानंतर तो बिचारा ‘घरातले’ झाला, आणि रागाच्या दिवशी ‘तो बांधावरचा’.

त्या पहिल्या नेमानंच गेल्या वर्षी घोटाळा केला होता.

दोन हजार सातच्या लग्नसराईआधी दिपालीनं कल्याणच्या एका स्टुडिओत हळदीचं गाणं म्हटलं होतं. चाल आजीची, शब्द दोघींचे, आवाज नातीचा. रेकॉर्डिंगवाला म्हणाला होता, “सुरुवातीला बोलून टाकू का, आवाज कोणाचा ते?” तेव्हा राहीबाईच कडाडली होती. “आवाजावरून माणूस वलखावा. ‘घ्या गो दिपाली, ताजी दिपाली’ करून वरडायला आमी काय कोलंबीची पाटी घेऊन बसलो?” गाण्याची फाइल ‘ट्रॅक झिरो थ्री’ या नावानं बाहेर पडली, बिनबारशाच्या पोरासारखी.

आणि ते पोर धावत सुटलं. लूमवाल्यांच्या मोबाईलात गेलं, वडप्याच्या गोदामांपुढे रांगेत उभ्या टेम्पोंमध्ये वाजलं. खाडीकडच्या केसरीनाथनं ते आपल्या बँजो पार्टीवर बसवलं आणि एकेका हळदीत तीनतीनदा वाजवलं. तोंडातोंडी ते ‘केसरीनाथचं गाणं’ झालं, आणि मोबाईलच्या दुकानांतही तेच नाव पडलं.

यंदा दिवाळीनंतर दिपालीनं मुंबईच्या एका सीडी कंपनीला फोन लावला. तिकडचा साहेब म्हणाला, “वडप्याची दिपाली? ऐकलं नाही कधी. ते गाणं तर केसरीनाथच्या पार्टीचं ना? आधी नाव करा, ताई. अक्षय्य तृतीयेला आम्ही आमच्या हळदीच्या सीडीतली गाणी ठरवतो. तोवर तुमचं नाव आमच्या कानावर आलं तर बघू.”

म्हणून हा जिना.

वर सहा पोरं-पोरी बसली होती. मितेश सर म्हणजे गोदामाला जमीन विकून कॉम्प्युटर घेतलेल्या घरातला पोरगा. केसांना तेल नव्हतं, जेल होतं. त्यानं विचारलं, “पहिला प्रश्न. तुमचा श्रोता कोण?”

“सगळे,” एक जण म्हणाला.

“यंग जनरेशन,” दुसरा म्हणाला.

“आत्या,” मागून राहीबाई म्हणाली.

पोरं हसली. मितेश सर हसला नाही. “कसं काय, आजी?”

“हळदीत नवरी मान खाली घालून बसलेली. नवरदेवाला बोलायची चोरी. बापे मांडवाच्या मागं, ते कशाला ते मी सांगत न्हाय. गानं वाजवनाऱ्याला जाऊन दरडावतो कोन? आत्या. आत्या नाचली तर मांडव नाचतो. आनि आत्या बसली तर तुजा तो कॉम्प्युटर घेऊन नाच.”

मितेश सरनं फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘आत्या’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या रविवारपुरता राहीबाईनं त्याला पास केला.

दुसऱ्या रविवारी त्यानं एकेकाला विचारलं, तुमचं नाव कुठं कुठं कसं लिहिलंय? दिपालीचं ओर्कुटवर ‘दिपू रॉकस्टार’ होतं. स्टुडिओनं दिलेल्या सीडीच्या कव्हरावर ‘कु. दिपाली डी.’ दुकानांत तर नावच नाही.

“तीन नावं म्हणजे तीन मुली,” मितेश सर म्हणाला. “लोकांनी शोधायची कोणती?”

“बराबर हाय,” राहीबाई म्हणाली. “पाकिटावर नाव चुकलं का आहेर शेजारच्या मांडवात जातो.”

“तेच सांगतोय, आजी. एकच नाव, एकच गाव, सगळीकडे तेच. आणि खरं सांगू? फाइलचं नाव कोणीही बदलतं. फोटो कोणीही काढून टाकतं. ओळख गाण्याच्या आत पाहिजे. गेल्या वर्षी तुमच्या गाण्यात नुसतं नाव असतं ना, तर... का नाही टाकलंत, दिपाली?”

दिपाली वहीत बघत राहिली. “राहून गेलं, सर.”

राहीबाईला ते लागलं. पोरीनं बोट दाखवलं असतं, भांडली असती, तर दोन शब्द आपणही सुनावले असते. पण ही बया सहा परक्या पोरांसमोर आजीला पाठीशी घालत होती. आपल्याला कोणी पाठीशी घालावं अशी वेळ राहीबाईवर सासू मेल्यापासून आली नव्हती.

परतीच्या रिक्षात दिपालीनं सांगून टाकलं, “मी गोदामातल्या नोकरीला हो म्हटलंय, आजी. कॉम्प्युटरवर मालाची एंट्री करायची. अक्षय्य तृतीयेपर्यंत काही झालं नाही तर दुसऱ्या दिवसापासून ड्युटी. सकाळी आठ ते रात्री आठ.”

“आनि गानं?”

“घरच्या लग्नात म्हणेन की.”

रिक्षावाल्यानं आरशातून मागं पाहिलं. “पुढं बघ,” राहीबाई त्याच्यावर करवादली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच नारपोलीला गेली, सिराजभाईच्या मोबाईलच्या दुकानात. सिराजभाई शिफ्ट सुटलेल्या लूमवाल्यांच्या कार्डात गाणी भरून द्यायचा. राहीबाई त्याच्या काउंटरसमोर स्टूल ओढून बसली.

“भाई, तेरे को एक बात पूछनेकी है. गाने में नाव डाला, तो वो कोन निकाल सकता हाय?”

“अम्मा, नाम शुरू में है तो सब निकालते हैं. रिंगटोन बनाने को लोग आगे का काट देते हैं, सीधा ढोलक से शुरू. आखिर में डालो तो कोई सुनता ही नहीं.”

“आनि बीच में?”

“बीच में?” सिराजभाईनं डोकं खाजवलं. “बीच का काटेंगे तो ठेका टूट जाएगा. नाचने वाला गिर पड़ेगा.”

“गिरने दे,” राहीबाई म्हणाली आणि उठली.

घरी येऊन ती तांदूळ निवडायला बसली. तिचं डोकं चालतं ते हातात सूप असलं की. यंदाच्या सराईसाठी दोघींनी रचलेल्या नव्या गाण्याची चाल गुणगुणत होती :

*हळद लागली गो, पिवळं झालं ऊन,*
*आत्याबाय नाचते गो, पदर खोवून.*

गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये एक जागा होती. नाचणारी तिथं गिरकी घेऊन थांबते, ढोलकी चार मात्रा नुसती घुमते, आणि पुन्हा उचल. राहीबाईचा हात सुपात थांबला.

“दिपाले!” तिनं अशी हाक मारली की ओट्यावर पेंगणारा तिचा नवरा दौलत दचकून उठला. “आपलं नाव आपन घ्यायचं न्हाय, बराबर?”

“हो, तुझा नेम.”

“मंग तू घेऊ नको. मी घेनार. दुसऱ्याची नावं घेन्यात तर माजी हयात गेली. तुजं नाव घ्यायला मना कोन आडवतो?”

दिपालीच्या हातातला कपडा तसाच राहिला. “तू गाणार? स्टुडिओत?”

“गाते कशाला? विचारनार. धवल्यात विचारत न्हाय का मी, ‘कोनाचा गो नवरा?’ आनि बायका सांगतात. तसं. मी विचारनार, मीच सांगनार. पुढं बायका शिकतील.”

त्याच आठवड्यात त्या कल्याणला गेल्या. रेकॉर्डिंगवाल्यानं राहीबाईच्या कानाला ते हेडफोन लावले, ते तिनं एका मिनिटात काढून ठेवले. “हे लावून मना माजाच आवाज ऐकू येतो. तो मी रोज ऐकते.” दिपाली पहिलं कडवं गायली. ढोलकी घुमली. आणि राहीबाईनं, मांडवाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचवावा तसा, आवाज सोडला :

*कोनाची गो ही पोर? वडप्याची दिपाली!*
*दौलतची नात गो, हळद गायाला आयली!*

तिचा शेवटचा शब्द आणि दिपालीचा ‘हळद लागली’चा पहिला शब्द एकमेकांवर असे पडले की मध्ये सुई जाईना. रेकॉर्डिंगवाला काचेमागून म्हणाला, “आजी, एक नंबर. सेफ्टीला अजून एकदा घेऊ?”

“एकदा जमलं ते पुन्हा कशाला? भात दोनदा शिजवतोस का तू?”

बाहेर आल्यावर दिपाली हसत सुटली. “आजी, तू आजोबांचं नाव घेतलंस.”

राहीबाईनं जिभेचा शेंडा चावला. पंचेचाळीस वर्षं राखलेलं नाव, आणि ते पण मशिनीत. “गान्यात घेतलंय,” ती म्हणाली. “गान्यातलं धरत न्हाईत.”

तिसऱ्या रविवारी मितेश सरनं गाणं यूट्यूबवर चढवलं. पार्लरमध्ये काढलेला फोटो दिपालीनं पुढं केला, तो राहीबाईनं मागं सारला. “ही कोन? कोनी बी असंल. तोंडाला हळद लावलेला दे.” मितेश सर म्हणाला, “आजी बरोबर बोलतायत, गाणं हळदीचं तर फोटो हळदीचा.” नाव सगळीकडे एकच लिहिलं, ओर्कुटवर, यूट्यूबवर, सीडीवर : वडप्याची दिपाली. दिपू रॉकस्टार त्या दिवशी वारली.

सिराजभाईकडे राहीबाई आठवडाभर रोज जाऊन बसली. शिफ्ट सुटली की लूमवाले यायचे, आणि कोणी काहीही भरायला सांगितलं तरी सिराजभाई हे एक गाणं वरून घालायचा, कोथिंबिरीसारखं, फुकट. “फाइल का नाम क्या रखूँ, अम्मा?” त्यानं पहिल्या दिवशी विचारलं होतं. “जो गाने में है वहीच रख. तू भूल गया तो गानाच तेरे को बतायेगा.” वडप्याला टेम्पोवाल्यांच्या मोबाईलांत ब्लूटूथनं पाठवायचं काम दिपालीनं घेतलं. आणि जिथं जिथं राहीबाई धवले म्हणायला गेली, तिथं हळद दळताना तिनं बायकांना शिकवून ठेवलं : मी विचारलं, ‘कोनाची गो ही पोर?’, तर तुम्ही काय म्हणायचं? एका घरात एकदा सांगितलं की दुसऱ्या घरात आत्याच सांगायच्या.

एका सकाळी दौलत धापा टाकत घरी आला. गोदामापुढून जाणारा एक टेम्पो त्याचं नाव घेत गेला होता. “अगं, टेम्पोतून कोनी बाई माजं नाव घेते!” राहीबाईनं चुलीकडे तोंड फिरवलं. “घेत असंल कोनी. तुमाला काय कमी हायेत?”

चैत्रात केसरीनाथ स्वतः घरी आला. गळ्यात साखळी, हातात दोन मोबाईल. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “राहीकाकू, नवीन गाणं झकास आहे. माझ्या पार्टीवर बसवतोय. तेवढी ती मधली ओळ काढून द्या. लोक विचारतात, पार्टी केसरीनाथची आणि ही दिपाली कोण?”

“विचारतात ना? मंग सांग.”

“काकू, गाणं पब्लिकचं असतं.”

“गानं पब्लिकचं, आनि वरचं नाव केसरीनाथचं. मंग वरची साखली पन पब्लिकची कर, आन इकडं.”

केसरीनाथ हसला, पण साखळी त्यानं शर्टात सारली. “ठीक आहे. आवाजाचा मिक्सर माझ्याकडे असतो, काकू.” जाता जाता एवढंच म्हणाला.

अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आली होती. कंपनीचा फोन नव्हता. दिपालीनं गोदामाचं ओळखपत्र आणून कपाटात ठेवलं होतं, आणि ते राहीबाईला दिसेल असंच ठेवलं होतं, किंवा राहीबाईला तसं वाटत होतं. त्या दिवशी नारपोलीत गोदूच्या भाच्याची हळद होती. गोदू म्हणजे नवरदेवाची आत्या, अंगानं भरलेली, गळ्यात एकदाणी, आणि दरडावण्यात राहीबाईचीच चेली. मांडवात केसरीनाथची पार्टी लागली होती. मितेश सरही आला होता, त्याचं त्या घराशी नातं होतं. सहा वाजले होते, उन्हं अजून मांडवाच्या कापडावर होती.

हळद लागली, बायका उठल्या. गोदूनं पदर खोवला आणि केसरीनाथकडे बोट केलं. “ए, ते लाव! आत्याबाईचं!”

पार्टीनं गाणं उचललं. केसरीनाथची गायिका चांगली गात होती, खोटं कशाला बोला. गोदू गिरकी घेऊन थांबली. तीसएक बायका तिच्यामागं थांबल्या, हात वर. केसरीनाथनं ठरवल्याप्रमाणे मधली ओळ गाळली होती. ढोलकीच्या चार मात्रा नुसत्या घुमल्या. आणि त्यावर कोणी काहीच बोललं नाही.

दिपालीनं आजीचा हात धरला. राहीबाई पाटावर बसली होती, हळदीचं तबक मांडीवर. तिनं नुसती मान वर केली. उठली नाही, माइक मागितला नाही.

“कोनाची गो ही पोर?” ती म्हणाली. साध्या आवाजात, जसं मांडवात विचारतात तसं.

“वडप्याची दिपाली!” मांडव उसळला. गोदूचा आवाज सगळ्यांच्या वर.

“कोनाची गो नात?”

“दौलतची!”

ढोलकीवाल्याला काय सुचलं देव जाणे, त्यानं केसरीनाथकडे न बघताच उचल दिली. गायिकेला पुढचं कडवं घ्यावंच लागलं. त्यानंतर गोदूनं ते गाणं आणखी चारदा लावायला लावलं, आणि चारही वेळा केसरीनाथचा मिक्सर त्या जागेला मुका राहिला आणि बायका बोलल्या. शेवटच्या वेळेला गायिकाच बायकांबरोबर ओरडली. केसरीनाथ पान खायला बाहेर गेला.

मितेश सरनं ते सगळं मोबाईलवर धरलं होतं. चित्र हलत होतं, अर्ध्या वेळा गोदूची पाठच दिसत होती, पण आवाज स्वच्छ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ते चढवलं आणि दिपालीला सांगितलं, “आता तू कंपनीला फोन करू नकोस. फक्त एवढं त्यांना दाखव.”

तिनं दाखवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं चालू असताना फोन वाजला. दिपालीनं हात न धुताच उचलला आणि स्पीकरवर टाकला.

“वडप्याची दिपाली बोलतेय?” साहेब म्हणाला. “नाव आलं बरं का कानावर. आमच्या ड्रायव्हरच्या रिंगटोनला पण तेच निघालं. सीडीत पहिलं गाणं तुमचं. ती मधली ओळ तशीच ठेवायची, हात लावायचा नाही.”

राहीबाईनंच फोनकडे वाकून सांगितलं, “हात कोनाला लावू देतो कोन?”

“याच का त्या आजी?” साहेब हसला. “यूट्यूबवर खाली सगळे विचारतायत, ही म्हातारी कोण म्हणून. तुमचं नाव काय लिहायचं, आजी, कव्हरावर?”

राहीबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. दिपालीनं तिच्याकडे पाहिलं. नेम म्हणजे नेम. तिनं नातीला खूण केली, तू सांग. पण दिपालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडात घास होता, दोन्ही एकदम.

ओट्यावरून दौलत उठला. हळूहळू आत आला, फोनच्या तोंडाशी वाकला आणि शेताच्या पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसा ओरडला :

“राहीबाई! लिवा, साहेब! राहीबाई, वडप्याची धवलारीन! दौलतची बायको!”

पलीकडे साहेबाच्या कानाचं काय झालं, ते तोच जाणे. राहीबाईनं पदर डोळ्यांना लावला, मग पटकन कपाळाला लावला, जसा काही घामच पुसायचा होता.

“हळू बोला जरा,” ती नवऱ्यावर खेकसली. “बहिरा न्हाय तो मानूस. आनि दिपाले, ते गोदामाचं कार्ड परत करून ये उद्या. हात धू आधी.”